गाठीचं नाव आणि गाठीचा स्वभाव



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर सर्जन होते आणि मी त्यांच्याच रुग्णालयाच्या तळघरातली पॅथॉलॉजिस्ट. गळ्याची गाठ काढली की फॉर्मॅलिनची बरणी ते वॉर्डबॉयच्या हाती देत नसत. स्वतः दोन जिने उतरून खाली येत, बरणी माझ्या टेबलावर ठेवत आणि काही न बोलता निघून जात. स्लाइड तयार झाली की पुन्हा हजर. मी सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढून म्हणे, “पॅपिलरी, सर.” ते म्हणत, “नाव कळलं. आता स्वभाव सांग.”

स्वभाव मला सांगता येत नसे. तेव्हा तो कुणालाच सांगता येत नव्हता. आज थोडाफार येतो आणि त्याचं बरंचसं श्रेय टेलोमरेज नावाच्या एका विकराच्या अभ्यासाला जातं. सरांच्या प्रश्नाला उशिरा सापडलेलं हे उत्तर आज तुमच्यासमोर मांडते आहे.

आधी प्रश्न किती अवघड होता ते पाहू. १९८५ साली फिनलंडमधल्या पॅथॉलॉजिस्टांनी १०१ शवविच्छेदनांतल्या थायरॉईड ग्रंथी घेतल्या, अडीच-तीन मिलिमीटर जाडीचे काप केले आणि एकूण एक काप तपासला. वेगळ्याच कारणांनी मरण पावलेली ही माणसं. त्यांतल्या ३६ जणांच्या ग्रंथीत पॅपिलरी कॅन्सर सापडला. कुणाला त्याचा पत्ता नव्हता आणि कुणाला त्याचा त्रासही झाला नव्हता. म्हणजे तीन माणसांमागे एक जण हा कॅन्सर घेऊन सुखाने म्हातारा होतो. दुसऱ्या टोकाला त्याच ग्रंथीच्या त्याच पेशींपासून होणारा ॲनाप्लास्टिक कॅन्सर आहे. तो झालेला माणूस बहुधा वर्षही काढत नाही. गाठ आठवड्या-आठवड्याला वाढते, श्वासनलिका दाबते, आवाज जातो. कर्करोगाच्या पायऱ्या ठरवणाऱ्या पद्धतीत त्याला पहिली पायरीच नाही, निदान होताक्षणीच तो चौथीवर असतो. या दोन टोकांच्या मध्ये फॉलिक्युलर आणि कमी विभेदित असे प्रकार येतात. मेड्युलरी नावाचा आणखी एक आहे, पण तो वेगळ्या पेशींचा, वेगळ्या घराण्याचा. त्याला आज बाजूला ठेवते.

एकाच मातीतून एक गाठ चाळीस वर्षं झोपून राहते आणि दुसरी सहा महिन्यांत माणूस नेते. असं का?

त्यासाठी थायरॉईड सोडून गुणसूत्राच्या टोकाशी जायला हवं. माझ्या आजोळी शेणाने जमीन सारवत. आजी भिंतीपासून सुरुवात करून मागे मागे सरकत दाराशी येई आणि शेवटचा हात उंबऱ्याबाहेरून फिरवी. आता अशी खोली डोळ्यांसमोर आणा, जिला मागे दारच नाही. सारवणारी मागे सरकत भिंतीला टेकली की तिच्या पायाखालचा तुकडा कोरडा राहणार. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेचं नेमकं असंच होतं. तिला उभं राहायला जागा लागते आणि दोरीच्या अगदी टोकाची नक्कल तिला करता येत नाही. दर विभाजनाला टोक थोडं आखूड होतं. मॉस्कोत ॲलेक्सी ओलोव्हनिकोव्ह यांनी १९७१ साली हा विचार मांडला. मेट्रोच्या फलाटावर उभं असताना तो सुचला, असं ते सांगत. पुढच्याच वर्षी जेम्स वॉटसन यांनी हीच अडचण स्वतंत्रपणे दाखवून दिली.

टोकाला नाव त्याआधीच मिळालं होतं. हर्मन म्युलर यांनी १९३८ साली त्याला टेलोमिअर म्हटलं. टेलोस म्हणजे शेवट आणि मेरोस म्हणजे भाग, असे दोन ग्रीक शब्द त्यात आहेत. माणसाच्या टेलोमिअरमध्ये टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं हजारो वेळा पुन्हा पुन्हा येतात. त्यांतून कुठलंही प्रथिन बनत नाही. साडीच्या पदराच्या दशा झिजल्या तरी साडीला धक्का लागत नाही, तसंच हे. झीज दशांनी सोसायची, कापडाने नाही. पण दशा संपल्या की सूत उसवायला लागतं. लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ साली दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी प्रयोगशाळेत साधारण चाळीस ते साठ वेळा दुभंगतात आणि मग थांबतात. त्याआधी जवळजवळ अर्धशतक ॲलेक्सिस कॅरेल यांच्या कोंबडीच्या हृदयपेशींचा दाखला देऊन पेशी अमर असतात असं शिकवलं जात होतं. नोबेल मिळवलेल्या माणसाचं म्हणणं खोडायला किती वर्षं लागतात, याचा तो एक नमुना आहे.

मग प्रश्न येतो की वंश चालतो कसा? पिढ्यान्‌पिढ्या टोकं आखूडच होत गेली असती तर आपण इथे नसतो. उत्तर तळ्यातल्या एका एकपेशीय जिवात मिळालं. टेट्राहायमिना त्याचं नाव. त्याच्या एका केंद्रकात छोटी छोटी गुणसूत्रं हजारोंनी असतात, म्हणजे टोकंच टोकं. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल यांनी १९७८ साली त्या टोकांची अक्षरं वाचली. पुढे ब्लॅकबर्न यांच्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत कॅरोल ग्रायडर ही तरुण विद्यार्थिनी आली. १९८४च्या नाताळच्या दिवशी, सुटी असताना, ती फिल्म बघायला प्रयोगशाळेत गेली आणि तिला फिल्मवर सहा-सहा अक्षरांच्या अंतराने चढत गेलेली पट्ट्यांची शिडी दिसली. टोक लांबवणारं विकर सापडलं होतं, तेच टेलोमरेज. ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. फोन आला तेव्हा ग्रायडर घरी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून सांगितली. विषयाशी तिचा संबंध नाही.

टेलोमरेज म्हणजे नक्षीचा नमुना कंबरेला खोचून फिरणारा विणकर. त्याचे दोन मुख्य भाग. एक आरएनएचा तुकडा, हा नमुना. दुसरं प्रथिन, हे विणणारे हात. या हातांचा जनुक टर्ट नावाने ओळखला जातो आणि तो पाचव्या गुणसूत्रावर असतो. गर्भात, बीजपेशींत, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींत तो चालू असतो. प्रौढ माणसाच्या थायरॉईड पेशीत तो बंद असतो आणि त्यावाचून तिचं काही अडत नाही, कारण ती क्वचितच दुभंगते. कॅन्सरच्या पेशीला मात्र दुभंगतच राहायचं असतं. १९९४ साली नाना प्रकारच्या गाठी तपासल्या गेल्या, तेव्हा सुमारे नव्वद टक्क्यांत टेलोमरेज काम करताना आढळलं आणि आजूबाजूच्या निरोगी ऊतींत ते दिसलं नाही.

आम्ही सगळे हरखून गेलो. ट्रॅप नावाची नवी चाचणी आली होती. गळ्याच्या गाठीत सुई घालायची, चार पेशी काढायच्या, टेलोमरेज आहे की नाही ते बघायचं आणि स्वभाव सांगून मोकळं व्हायचं. सरांना मी उत्साहाने सांगितलंही. ते म्हणाले, “बघू.”

चाचणी थायरॉईडमध्ये फसली. तिचं फसणं मला तिच्या यशापेक्षा जास्त शिकवून गेलं. आपल्याकडे, विशेषतः बायकांमध्ये, हाशिमोटो थायरॉयडायटिस फार. त्यात ग्रंथीत पांढऱ्या पेशींची, लिम्फोसाइटांची, गर्दी होते. लिम्फोसाइट जागे झाले की दुभंगू लागतात आणि त्यांच्यात टेलोमरेज चालू होतं. म्हणजे कॅन्सर नसलेल्या, नुसत्या सुजलेल्या ग्रंथीतही चाचणी होकार देई. उलट खऱ्या पॅपिलरी गाठींपैकी कितीतरी गाठी नकार देत. सुईतून आलेल्या चिमूटभर पेशींत विणकर सापडला, तरी तो कोणाच्या मागावर बसला होता हे कळायला मार्ग नव्हता. काही वर्षांत त्या चाचणीचं नाव कुणी काढेनासं झालं.

गोष्ट पुन्हा हलली ती २०१३ साली आणि हलली कातडीच्या कॅन्सरवरून. मेलानोमा तपासणाऱ्या दोन गटांना टर्ट जनुकात नाही, तर त्याच्या अलीकडच्या भागात एका अक्षराचा बदल सापडला. या भागाला प्रमोटर म्हणतात. जनुक हा दिवा मानला तर हा त्याचा बटणाचा फलक. जनुकाचा मजकूर सुरू होतो त्याच्या १२४ किंवा १४६ अक्षरं आधी, सीच्या जागी टी. दोनच ठिकाणं आणि बहुतेक गाठींत त्यांतलं एकच. तीन अब्ज अक्षरांच्या पोथीत एक अक्षर चुकलेलं. पण त्या एका चुकीने तिथे नवा शब्द तयार होतो आणि तो ईटीएस घराण्यातल्या प्रथिनांना वाचता येतो. त्यांतलं जीएबीपी नावाचं प्रथिन येऊन त्या फलकावर बसतं आणि दिवा लावतं. निरोगी पेशीत ते तिथे बसत नाही, कारण बसायला जागाच नसते.

याच वर्षी बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या मिंगझाव शिंग यांच्या गटाने थायरॉईडच्या गाठी तपासल्या. हे आकडे मी पाठ करून ठेवले आहेत. निरुपद्रवी ८५ गाठींत १२४व्या जागेचा बदल एकातही नाही. पॅपिलरीच्या २५७ गाठींत ३०, म्हणजे सुमारे बारा टक्के. फॉलिक्युलरमध्ये तेवढंच प्रमाण. ॲनाप्लास्टिकच्या ५४ गाठींत २३, म्हणजे त्रेचाळीस टक्के. तीन वर्षांनी न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयाच्या गटाने ॲनाप्लास्टिकमध्ये हे प्रमाण ७३ टक्के सांगितलं आणि कमी विभेदित प्रकारात ४०. गाठ जितकी दांडगी, तितका हा बदल जास्त. लिम्फोसाइटांचा घोळही इथे नाही. त्यांचं टेलोमरेज चालू असतं, पण त्यांच्या प्रमोटरमधलं अक्षर शाबूत असतं. ट्रॅप चाचणी दिवा लागला आहे का ते बघत होती. नवी चाचणी फलकाशी कुणी खटपट केली आहे का ते बघते.

आता दुसरं पात्र. पॅपिलरी कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त आढळणारा बदल टर्टचा नाही, बीरॅफ जनुकाचा आहे. या प्रथिनातलं सहाशेवं अमिनो आम्ल बदललं की पेशीला ‘वाढ, वाढ’ हा हुकूम अखंड मिळत राहतो. पण निम्म्याहून जास्त पॅपिलरी गाठींत हा बदल असतो आणि त्यांतल्या बहुतेक गाठी निमूट बसून असतात. नुसत्या हुकमाने भागत नाही. दशा संपल्या की हुकूम कितीही कडक असो, पेशी थांबते. नुसत्या टर्टच्या बदलानेही पुरतं भागत नाही, कारण विणकर आला तरी घाई करणारं कुणी नाही. दोघे एकत्र आले की मात्र चित्र बदलतं. शिंग यांच्याच गटाने २०१८ साली दाखवलं की बीरॅफचा हुकूम ज्या साखळीतून जातो, तिच्या शेवटी जीएबीपीचाच एक भाग जास्त प्रमाणात तयार होतो. हा तोच, जो टर्टच्या नव्या जागेवर येऊन बसतो. एकाने दाराला खाच पाडली आणि दुसऱ्याने त्या खाचेत बसणाऱ्या किल्ल्या घडवायला घेतल्या.

रुग्णांच्या बाबतीत याचा अर्थ काय? २०१४ साली ५०७ पॅपिलरी रुग्णांचा अभ्यास आला. ज्यांच्या गाठीत दोन्ही बदल नव्हते अशा २८७ जणांपैकी २५ जणांना कॅन्सर परत झाला. ज्यांच्यात दोन्ही होते अशा ३५ जणांपैकी २४ जणांना. २०१७ साली १,०५१ रुग्णांचा अभ्यास आला, तो मृत्यूंचा. दोन्ही बदल नसलेल्या ६२९ जणांत चार मृत्यू. नुसता बीरॅफ असलेल्या २९२ जणांत सात. नुसता टर्ट असलेल्या ६४ जणांत चार. दोन्ही असलेल्या ६६ जणांत पंधरा. या सगळ्या गाठींचं सूक्ष्मदर्शकाखालचं नाव एकच होतं.

इथे आयोडीनबद्दल सांगायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना ते माहीत आहे. थायरॉईडची पेशी आयोडीन शोषून घेते, म्हणून तिला किरणोत्सारी आयोडीन पाजलं की ती स्वतःच्या हाताने विष घेते. परळला टाटा रुग्णालयाच्या ॲनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून हे काम करतं आहे. साताऱ्या-सोलापूरकडून, कोकणातून आलेली माणसं तिथे डोस पिऊन काही दिवस वेगळ्या खोलीत राहतात. घरी गेल्यावर लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही, अशी ताकीद असते. या आयोडीनचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो. उपचार गुणकारी आहे, पण पेशी आयोडीन घेत असेल तरच. टर्टचा बदल असलेल्या गाठी, विशेषतः बीरॅफच्या जोडीने, पुष्कळदा आयोडीन घ्यायचं सोडून देतात. आपण थायरॉईडची पेशी आहोत हेच त्या विसरतात. आणखी एक डोस, आणखी एक डोस असं करत राहण्यापेक्षा ही गोष्ट आधी कळली तर औषधाची दिशा वेळेत बदलता येते.

वयाचं कोडंही यातून थोडं उलगडतं, असं मला वाटतं. थायरॉईड हा एक विलक्षण कॅन्सर आहे, ज्यात पायरी ठरवताना वय मोजतात. पूर्वी रेषा ४५ वर्षांवर होती, आता ५५वर आहे. विशीतल्या मुलीच्या फुप्फुसात पॅपिलरी पसरलेला असला तरी ती दुसऱ्या पायरीवर आणि अनेकदा ती पुढे दशकानुदशकं जगते. साठीतल्या माणसाचं तसं नाही. टर्टचा बदल तरुणांत दुर्मीळ असतो आणि वयाबरोबर वाढतो. तरुण गाठीकडे दशा भरपूर असतात, तिला विणकराची गरज नसते. वर्षानुवर्षं दुभंगून दशा संपत आलेल्या जुन्या गाठीतच असा बदल झालेली एखादी पेशी तगून निघते आणि बाकीच्यांना मागे टाकते. पॅपिलरीत हा बदल पुष्कळदा गाठीच्या काहीच पेशींत असतो आणि पुढच्या, बिघडलेल्या प्रकारांत सगळ्या पेशींत, ही गोष्टही त्याच बाजूने बोलते. तरीही हा माझा अंदाज समजा.

आता मला ज्याची काळजी वाटते ते सांगते. दक्षिण कोरियात १९९९पासून कॅन्सर तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रुग्णालयांनी त्याच्या जोडीला स्वस्तात गळ्याची सोनोग्राफी देऊ केली. २०११ साली थायरॉईड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३च्या पंधरा पट झालं होतं. मृत्यूचं प्रमाण होतं तिथेच होतं. हजारो गळे विनाकारण चिरले गेले, हजारो माणसं जन्मभर गोळ्या घेत बसली. फिनलंडच्या त्या ३६ ग्रंथी जिवंतपणी शोधायला निघालं की असंच होणार. जपानमध्ये कोबेच्या कुमा रुग्णालयाने १९९३ सालीच उलटी वाट धरली. एक सेंटिमीटरपर्यंतच्या, धोक्याची लक्षणं नसलेल्या गाठी न कापता नुसत्या बघत राहायच्या. दहा वर्षांत शंभरातल्या आठ वाढल्या, बाकीच्या वाढल्या नाहीत. देखरेखीखालच्या अशा काही गाठींत पुढे टर्टचा बदल शोधला, तो एकातही सापडला नाही.

टेलोमरेजच्या अभ्यासाचा मोठा उपयोग मला इथे दिसतो. कुणाला जास्त औषध द्यायचं हे त्यातून कळतंच, पण कुणाला सोडून द्यायचं हेही कळू शकतं. आपल्याकडे मात्र नवी चाचणी आली की ती पॅकेजमध्ये जाते आणि पॅकेजमधून सगळ्यांच्या बिलात. पाच मिलिमीटरच्या गाठीसाठी आधी सुई, मग टर्ट, मग घाबरून शस्त्रक्रिया, असं व्हायला वेळ लागणार नाही. चाचणी नकारार्थी आली म्हणजे धोका शून्य, असंही नाही. वरच्या आकड्यांतल्या ‘दोन्ही नाहीत’ गटातही चार मृत्यू आहेतच.

औषधाचं म्हणाल तर टेलोमरेजला थेट अडवणारं पहिलं औषध, इमेटेलस्टॅट, अमेरिकेत २०२४ साली मंजूर झालं. पण ते रक्ताच्या एका आजारासाठी, थायरॉईडसाठी नाही. बीरॅफ बदललेल्या ॲनाप्लास्टिकसाठी मात्र दोन गोळ्यांची जोडी २०१८पासून मंजूर आहे आणि जिथे आम्ही नुसते हात जोडत होतो तिथे काही माणसं तिच्यावर उभी राहिली आहेत. बाजारात टेलोमिअर लांब करून तारुण्य परत देणाऱ्या गोळ्याही मिळतात. आतापर्यंत मी जे सांगितलं त्यानंतर त्या घ्याव्यात का, हे तुम्हीच ठरवा.

आणि एक प्रश्न प्रत्येक आई विचारते, म्हणून सांगून टाकते. थायरॉईडच्या गाठीत सापडणारा हा बदल त्या गाठीपुरताच असतो. तो मुलांकडे जात नाही.

शेवटी सरांकडे येते. १९९७ साली एकाच आठवड्यात त्यांनी दोन गाठी माझ्याकडे आणल्या. दोन्ही तीन सेंटिमीटरच्या, दोन्ही पॅपिलरी. रुग्ण दोघेही पन्नाशी ओलांडलेले. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी नेहमीसारखी गप्प बसले. त्यांतल्या बाई आजही दिवाळीला फोन करतात. गृहस्थांचा आजार नऊ वर्षांनी मानेत परतला, मग फुप्फुसात गेला. आयोडीन घेईना. ते गेले तेव्हा सर निवृत्त झाले होते, तरी स्मशानात आले होते.

२०१६ साली मी गृहस्थांच्या गाठीचा मेणाचा ठोकळा, ज्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, कपाटातून काढला आणि तपासायला पाठवला. एकोणीस वर्षांच्या मेणातून डीएनए निघाला. १२४वी जागा, सीच्या जागी टी. बीरॅफही बदललेला. बाईंचा ब्लॉक मिळाला नाही. प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलवताना जुन्या पेट्यांपैकी काही रद्दीत गेल्या, त्यांतच तो गेला असणार. सरांना मी निम्मंच उत्तर देऊ शकले. ते ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, “दुसरा कुठे आहे?”

म्हणून तुमच्यापैकी ज्यांच्या घरात कुणाची थायरॉईडची गाठ काढली गेली असेल त्यांना माझी विनंती आहे. फाइलमध्ये नुसता रिपोर्ट ठेवून थांबू नका. ज्या प्रयोगशाळेत तपासणी झाली तिथे जा, ब्लॉक जपून ठेवला आहे का ते विचारा आणि त्याचा नंबर लिहून आणा. ते ठेवणार नसतील तर रीतसर सही करून तो घरी आणा. छोट्या डबीत, थंड जागी ठेवा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत विसरू नका, मेण वितळतं.